दात दाखवणारी तिकिटं

शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कवळीवाल्या बाईंच्या हातचं होतं. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना पुढे, रस्त्यावर. मागे, जिन्याखालून वाकून गेलं की एक लांबट खोली. तिथे प्लास्टरचे डबे, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, पॉलिशचं गरगरणारं चाक आणि खिडकीशी बाईंचं टेबल. पुढे डॉक्टर तोंडाचा ठसा घेत आणि मागे पाठवून देत. बाई त्यात प्लास्टर ओतत, साचा काढत, मग मेणावर एकेक दात बसवत. अगदी सरळ ओळ त्या कधीच लावत नसत. "सगळे दात शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे केले, की माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून एखादा दात किंचित तिरका, एखाद्याची कड जरा झिजवलेली. नवी कवळी घालून आरशात बघणारा माणूस म्हणे, "अरेच्चा, हा तर मीच!" मागच्या खोलीत ते ऐकू आलं की बाई चाक सुरू करत. कौतुक ऐकलं की त्यांना उगाच अवघडल्यासारखं होई.

दुसऱ्यांच्या तोंडात हसू बसवणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या घरात मात्र बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

त्यांच्या नवऱ्याला सगळे गाडीमास्तर म्हणत. मास्तरांची गाडी शिकवायची शाळा होती, म्हणजे एकच गाडी आणि एकटे मास्तर. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली ती गाडी शहरातल्या प्रत्येक कोपऱ्यावर कधी ना कधी बंद पडलेली होती, कारण शिकाऊ लोक क्लच सोडायला घाई करत. मास्तरांनी भित्र्यांना धीर दिला होता, आगाऊंना वेसण घातली होती. मग त्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. एकदम नाही, हळूहळू. ज्या गोष्टीकडे बघावं नेमकी तीच पुसल्यासारखी दिसेनाशी व्हायची, आणि कडेकडेचं सगळं स्वच्छ. समोर उभ्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही, आणि गाडी आता विसरा. मास्तर घरी आले, गाडीची किल्ली खिशात घातली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसं झालं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मोडलं आणि ती दोन बॅगा घेऊन घरी परत आली. रडून झालं, झोपून झालं, आणि एक दिवस चहा घेता घेता ती म्हणाली, "बाबा, लोकांचे अजून फोन येतायत. गाडी दारात उभी आहे. मी शिकवू का?"

मुलगी उत्तम चालवायची. मास्तरांनीच शिकवलं होतं तिला. पण त्या दिवशी मास्तरांच्या जिभेला हाड राहिलं नाही. ते म्हणाले, "जिला स्वतःचा संसार हाकता आला नाही, ती लोकांना गाडी हाकायला शिकवणार!"

शब्द सुटला तो सुटला. मुलगी कप तसाच ठेवून उठली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. एका छपराखाली राहून दोघं एकमेकांशी बाईंच्या मार्फत बोलत.

"तिला सांग, पंखा बंद कर म्हणावं."

"त्यांना सांग, पंखा बंदच आहे. वारा खिडकीतून येतोय."

"तिला सांग, मला कळतं वारा कुठून येतो ते."

बाई मध्ये. इकडे आड, तिकडे विहीर. नवऱ्याची बाजू घ्यावी तर पोरीवर अन्याय, पोरीची घ्यावी तर आधीच खचलेला माणूस आणखी खचायचा. दवाखान्यातून घरी यायला त्यांची पावलं जड पडू लागली. उकळत्या पाण्यात पक्की झालेली कवळी साच्यातून सोडवायची म्हणून त्या थांबायच्या, खरं तर ते काम सकाळीही झालं असतं.

अशातच दवाखान्यात परदेशातून एक पार्सल आलं. दर काही महिन्यांनी यायचंच. लहान लहान पेट्यांत मेणाच्या पट्टीवर ओळीने बसवलेले तयार दात, निरनिराळ्या रंगांचे. एरवी खोक्यावर छापील चिठ्ठी असायची. या वेळी कुणा हौशी माणसाने खरी पोस्टाची तिकिटं लावली होती. त्यातल्या एकावर फळांची टोपली घेतलेली एक बाई खदखदून हसत होती.

सवयीने कवळीवाल्या बाईंनी तिच्या तोंडावर भिंग धरलं. आणि त्यांना दिसलं, की चित्रकाराने घोळ घातलाय. नाकाच्या बरोबर खाली, जिथे दोन दातांमधली फट हवी, तिथे मधोमध एक ऐसपैस दात होता. म्हणजे फळवाली एका जास्तीच्या दाताने हसत होती. बाईंना असं हसू फुटलं, की हातातलं भिंग टेबलावर आपटलं.

डॉक्टर धावत मागे आले. "काय झालं, बाई?"

"हिला एक दात जास्त आहे हो!"

"कुणाला? पुढे तर कुणी पेशंट नाही."

बाईंनी खोकं दाखवलं. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, तेही हसले. बाईंनी खोक्याचा तेवढा कोपरा मागून घेतला, कापला आणि पर्समध्ये नीट सपाट ठेवला.

शाळेत असताना बाईंचं नाव चिमटी पडलं होतं. कंपासपेटीत पेन्सिलीच्या जोडीला कायम एक चिमटा असायचा आणि कुणाच्याही घरी पत्र आलं, की ही पोरगी पाकिटाच्या कोपऱ्यासाठी दारात हजर. दोन जाडजूड वह्या भरून तिकिटं जमवली होती त्यांनी. मग नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. छंद त्यांच्याकडून कुणी हिरावून घेतला नव्हता. त्याच्या बसायच्या जागेवर एकेक जण येऊन बसत गेलं आणि तो बिचारा उठून गेला, इतकंच.

त्या संध्याकाळी घरी येताच बाईंनी कपाटाच्या तळातून, जाड पांघरुणांच्या खालून, त्या दोन वह्या ओढून काढल्या. मग वाडग्यात कोमट पाणी घेऊन खोक्याचा कोपरा त्यात सोडला. कागद भिजला, डिंक सुटला, आणि तिकीट आपलं आपण तरंगत वर आलं. तो ओल्या डिंकाचा वास नाकात गेला आणि बाईंना वाटलं, आपल्या खांद्यावरचं कुणीतरी खाली उतरलं.

मास्तर खुर्चीतून म्हणाले, "पाण्यात काय चाललंय?"

"तिकीट सुटं करतेय."

"घराला आग लागलीय आणि तुला तिकिटं सुचतायत!"

एरवी बाई गप्प बसल्या असत्या. त्या दिवशी बसल्या नाहीत. चिमट्याने फळवालीला अलगद उचलून त्यांनी कोरड्या फडक्यावर पालथं घातलं आणि म्हणाल्या, "आग तुम्ही दोघांनी लावलीय. तुम्हाला वाटेल तेव्हा विझवा. मला एक वाडगा पाणी लागतं, तेवढं मी घेतलंय."

आतल्या खोलीच्या दारात मुलगी उभी होती. तिने आईसाठी टेबलावरचा दिवा जवळ ओढून ठेवला.

पुढचे काही दिवस बाई वह्या चाळत राहिल्या. आणि एक मजेशीर गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. लहानपणी ती दिसली नव्हती, कारण तेव्हा त्या कवळ्या करत नव्हत्या. वहीतले राजे, राण्या, सेनापती, शास्त्रज्ञ, सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले. जणू नुकताच दात काढून डॉक्टरांनी कापसाचा बोळा ठेवलाय आणि अर्धा तास तोंड उघडू नका म्हणून बजावलंय. पानामागून पान उलटलं, तरी दात कुणी दाखवेना. बाईंनी एक तिकीट चिमट्याने उजेडाकडे धरलं. तिकिटाच्या चारी कडांना दाते होते, बारीक, एकसारखे. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "तिकिटाला चारी बाजूंनी दात, आणि आतल्या माणसाला एकही नाही!"

बस, विषय सापडला. आता जमवायची ती फक्त दात दिसणारी तिकिटं.

शहरात तिकिटं जमवणाऱ्यांचा एक क्लब होता. रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाचसहा म्हातारे जमत. बाई तिथे पोचल्या तेव्हा सगळ्यांनी एकदम मान वर केली. कुणाची तरी बायको बोलवायला आली असावी, असंच वाटलं त्यांना. क्लबाचे अध्यक्ष होते जहाजवाले आजोबा. जन्मभर त्यांनी जहाजांच्या चित्रांचीच तिकिटं जमवली होती, जहाजात पाऊल मात्र कधी ठेवलं नव्हतं, कारण पाण्याची भीती.

"या, ताई. तुमचा विषय काय? फुलं? पक्षी?"

"दात."

"काय?"

"दात दिसणारी माणसं."

रेल्वेच्या चित्रांची तिकिटं जमवणारे एक गृहस्थ फसकन हसले आणि त्यांची वरची कवळी जराशी सैल झाली. त्यांनी ती जिभेने जागेवर बसवली. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्या म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात या. घट्ट करून देते." आणि तिथल्या तिथे त्या क्लबातल्या झाल्या.

जहाजवाल्या आजोबांनी त्यांना पुढची वाट दाखवली. मोठ्या शहरात दर वर्षी तिकिटांचं प्रदर्शन भरतं. भाग घेणाऱ्याला एक काचेची चौकट मिळते, त्यात सोळा पानं मावतात. त्या पानांवर तिकिटं लावून, थोडं लिहून, एक गोष्ट सांगायची. "पण ताई," आजोबा म्हणाले, "सोळा पानं भरतील इतकी हसरी माणसं मिळतील का? मला तर आठवत नाही एकही."

"शोधते," बाई म्हणाल्या.

आणि शोधलं. दवाखान्यात बातमी फुटायला वेळ लागला नाही. ज्यांच्या तोंडात बाईंचे दात होते ते सगळे कामाला लागले. कुणी माळ्यावरची जुनी पाकिटं आणून दिली, कुणी परदेशातल्या भाच्याला कामाला लावलं. डॉक्टरांच्या बाकावर बसून लोक एकमेकांना विचारू लागले, "हसलेलं तिकीट आहे का हो तुमच्याकडे?" हळूहळू माणसं जमू लागली. तार सप्तकात तोंड उघडलेली गायिका. शर्यतीच्या शेवटची फीत तोडताना दातओठ खाणारा धावपटू. पहिले दोन दात दाखवणारं तान्हं बाळ. मधला दात पडलेली शाळकरी पोर. दातांत शिट्टी धरलेला पोलीस. आजोबांनी एक मगर आणून दिली, चांगली जबडा वासलेली. बाईंनी ती परत केली. "हिचे पडले तर नवे उगवतात, आजोबा. हिला आपलं दुःख काय कळणार?"

घरात टेबलाचा एक कोपरा बाईंचा झाला, मग अर्धं टेबल. त्या प्रत्येक तिकिटाखाली काय लिहायचं ते कागदावर जुळवत आणि नीट बसतंय का म्हणून मोठ्याने वाचून बघत. मास्तर आपल्या खुर्चीत, ऐकत नसल्यासारखे. एकदा मात्र न राहवून म्हणाले, "फार ब्रेक मारतेस. वाक्य सुरू होतं न होतं तोच थांबवतेस. जरा पळू दे की."

बाईंनी वाक्य पळवलं. चांगलं झालं.

मग मास्तर विचारू लागले, "कसा हसतोय तो?" त्यांना तिकीट दिसणं शक्यच नव्हतं. मग बाई सांगत, "वरचे चार दात दिसतायत, डावीकडचा जरा पुढे आलाय. बहुतेक लहानपणी अंगठा चोखत असणार. डोळे मात्र हसत नाहीयेत. फोटोवाल्याने हस म्हटल्यावर हसलेला आहे." मास्तर ऐकून म्हणत, "मग तेच लिही ना. ते वरचं पाल्हाळ कशाला?" बाईंनी खरोखरच तेच लिहिलं. जे नवऱ्याला डोळ्यासमोर उभं करण्यासाठी बोलावं लागे, तेच पानावर उतरू लागलं. आणि सगळ्यांत हुशारी म्हणजे, हे मास्तरांच्या मदतीने चाललंय असा भास दोघांपैकी कुणीच होऊ दिला नाही.

मुलगी कागद कापून द्यायची, कडा सरळ आखून द्यायची. पण बाप टेबलाशी आला, की ती उठायची. ती बसली असली, की बाप येत नसे.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी सोळाच्या सोळा पानं तयार होऊन टेबलावर पसरली होती. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. बाई अंघोळीला गेल्या होत्या. मास्तर आपला चहा आपणच घेऊन येत होते. डोळे गेल्यापासून तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचा हट्ट असे, चहा मी आणणार. टेबल त्यांना दिसलं, टेबलावरचं पांढरं काही दिसलं नाही. त्यांनी कप ठेवला तो पानांमधल्या आखायच्या पट्टीवर, अर्धा अधांतरी. कप कलंडला.

मुलीची किंकाळी ऐकून बाई ओल्या केसांनीच बाहेर आल्या. चहा मधल्या चार पानांवरून ओघळत होता.

"बाबा! दिसत नाही तर विचारायचं ना!"

"कुणाला विचारू? या घरात माझ्याशी बोलतं कोण?"

"मी बोलत नाही? तुम्ही बोलत नाही!"

"तू त्या दिवशी उठून गेलीस!"

"कशामुळे गेले? काय म्हणालात तुम्ही, आठवतंय? माझा संसार मी हाकला नाही म्हणालात! एकदा तरी विचारलंत, त्या घरात काय चाललं होतं ते?"

बाई पुढे झाल्या होत्या, त्या जागीच थांबल्या. कितीतरी दिवसांनी ही दोघं थेट एकमेकांशी बोलत होती. भांडत होती, पण आपल्या तोंडाने. चहाचा ओघळ चौथ्या पानाच्या कडेला पोचला, तरी बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही.

मास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. म्हणाले, "आठवतंय. रोज आठवतं. तू वेळेवर ब्रेक मारलास, पोरी. मला कळत होतं. न मारतीस तर आपटली असतीस. पण माझ्या हातातलं चाक सुटलं होतं आणि तू ते मागत होतीस. मला ते बघवलं नाही." मग स्वतःच जोडलं, "तसंही मला आता काही बघवत नाहीच म्हणा."

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ती नाकातून फुसकन हसली. मास्तरांनी हात पुढे केला, तो तिच्या खांद्यावर पडायचा तो चुकून कानावर पडला. तिने तो तिथेच धरून ठेवला.

"तुमचं झालं असेल," बाई म्हणाल्या, "तर कुणीतरी वाडगे आणा. जेवढे असतील तेवढे."

टपालात फिरून आलेल्या, शिक्का बसलेल्या तिकिटाला पाण्याचं भय नसतं. पाण्यातूनच ते सुटं झालेलं असतं. बाईंनी भिजलेली पानं तशीच स्वच्छ पाण्यात सोडली. चहाचा रंग सुटत गेला. मुलगी पाणी बदलत होती. मास्तर टेबलाशी बसून ओली फडकी पिळून कोरडी पुढे करत होते. त्याला डोळे लागत नाहीत. एकेक हसरा माणूस वर येत होता आणि मुलगी बापाला सांगत होती, "गायिका वाचली. पोलीस वाचला. बाळ वाचलं."

एकच वाचलं नाही. शेतात उभा राहून हसणारा एक म्हातारा होता, फिकट कागदावर छापलेला. कागदाने चहा पिऊन टाकला होता. तिकीट धुऊन निघालं, पण म्हाताऱ्याचे शुभ्र दात कायमचे पिवळट झाले होते. बाईंनी भिंग लावून बघितलं.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "त्याचे दात अगदी तुमच्यासारखे झालेत."

आधी बाई हसल्या, मग मुलगी, आणि मग मास्तरही, खांदे गदगदा हलवत. बाईंनी ते तिकीट टाकलं नाही. नव्या पानावर लावून त्याच्याखाली लिहिलं, "सकाळ-संध्याकाळ चहा घेणाऱ्याचे दात."

ती चार पानं पुन्हा करायला आठवडा पुरला. प्रश्न राहिला पोचायचा. मोठं शहर डोंगरापलीकडे, बसला गर्दी आणि रस्त्याला वळणं. पानांना सुरकुतीही पडता कामा नये. बाई बसची वेळ बघत होत्या, तेवढ्यात मास्तरांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलीच्या दिशेने हात लांब केला.

"गाडी काढ. बॅटरी उतरली असेल, आधी ढकलावी लागेल."

शेजारचे दोघे, मास्तर आणि बाई अशा चौघांनी ढकलली. गाडी खोकत खोकत सुरू झाली. मुलगी चाकाशी होतीच, बाई मागे बसल्या पानांची पेटी मांडीवर घेऊन, आणि मास्तर आपल्या नेहमीच्या जागी, शिकवणाऱ्याच्या. त्यांचा पाय आपोआप तिथल्या ब्रेकवर गेला. शहर संपेपर्यंत तो तिथेच होता. समोरून ट्रक आला, त्याचा आवाज ऐकूनच मास्तरांचा गुडघा ताठ झाला, पण त्यांनी ब्रेक दाबला नाही. डोंगर लागला. पहिलं वळण मुलीने असं घेतलं, की बाईंच्या मांडीवरची पेटी जागची हलली नाही. दुसरं तसंच. तिसऱ्या वळणानंतर मास्तरांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले.

बाईंनी ते मागून बघितलं. मुलीनेही बघितलं असणार, कारण तिने गाडी उगाचच थोडी हळू केली आणि मग पुन्हा वेग दिला.

प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये चौकटींच्या रांगाच रांगा होत्या. लोक हात मागे बांधून, दवाखान्यात असल्यासारखे हळू बोलत फिरत होते. बाईंच्या चौकटीपाशी मात्र हळू बोलणं टिकेना. पहिल्या पानावर फळवाली होती, एका जास्तीच्या दाताची. तिथूनच खुसखुस सुरू व्हायची. आणखी एक गंमत बाईंनी लांबून टिपली. वाचता वाचता प्रत्येक जण नकळत आपल्या दातांवरून जीभ फिरवत होता.

परीक्षक आले. तिघे होते, हातात कागद, चेहरे तिकिटांवरच्या राजांसारखे. त्यातल्या एक बाई पिवळ्या दातांच्या म्हाताऱ्यापाशी थांबल्या.

"हे डागाळलेलं तिकीट मुद्दाम ठेवलंत?"

"हो. घरात चहा सांडला. बाकीची वाचली, हे असं झालं."

"नियमाप्रमाणे याचे गुण कापावे लागतील."

"कापा," बाई म्हणाल्या. "पण त्याला काढा म्हणू नका. त्याच्यामुळे आमच्या घरात बोलणं सुरू झालं."

परीक्षकबाईंनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं, आणि मग त्याही दात दाखवून हसल्या. गुण मात्र त्यांनी कापलेच.

तेवढे कापूनही एका चौकटीच्या विभागात पहिला क्रमांक कवळीवाल्या बाईंचा आला. नाव पुकारलं तेव्हा सर्वांत आधी उभे राहिले क्लबाबरोबर बसने आलेले जहाजवाले आजोबा. क्लबाच्या साऱ्या आयुष्यात कुणाला पदक म्हणून मिळालं नव्हतं. ते टाळ्या वाजवत इतके ओरडले, की रेल्वेवाल्या गृहस्थांना त्यांना धरून खाली बसवावं लागलं. बाई स्टेजवर गेल्या. पदक घेताना त्यांना कौतुक ऐकू येत होतं, आणि सुरू करायला चाक जवळ नव्हतं. त्यांनी ते सगळं उभं राहून ऐकून घेतलं. अवघडल्यासारखं झालं नाही. छान वाटलं. माइक पुढे आला तेव्हा म्हणाल्या, "मी दातांचं काम करते. माणूस दात कशाला जपतो, तर चावायला, असं मला वाटायचं. या वर्षी कळलं, निम्मं काम दुसरंच असतं." आणि खाली उतरल्या.

प्रेक्षकांत मास्तर बसले होते, पण त्यांची मान पार भिंतीकडे वळलेली होती. शेजारच्या गृहस्थांना राहवलं नाही. "अहो, बक्षीस तिकडे देतायत."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर इकडे बघतोय. समोर बघितलं तर ती दिसायची नाही. असं बघितलं, की अख्खी दिसते."

शेजारची मुलगी बापाचा हात धरून बसली होती. तिला मात्र समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे इतके भरून आले होते.

पुढच्याच महिन्यात गाडी शिकवायची शाळा पुन्हा सुरू झाली. शिकवणाऱ्याच्या जागी मुलगी बसते. पहिला धडा मात्र मास्तरांचा असतो. गाडी दारात उभी, इंजिन सुरू, आणि मास्तर मागच्या सीटवर डोळे मिटून. "ऐका," ते शिकाऊला सांगतात, "ती काय म्हणतेय ते ऐका. ती मागेल तेव्हाच गिअर बदला." लोक म्हणतात, पूर्वीपेक्षा आता बरं शिकवतात. पूर्वी ओरडायचे.

मुलीचं दुःख काही जादूने गेलं नाही. काही सकाळी ती अजून गप्प असते. अशा वेळी मास्तर तिला चहा विचारतात आणि तिनेच आणलेला चहा मुकाट्याने पितात.

बाईंनी डॉक्टरांना सांगून टाकलं, शनिवारी दुपारनंतर मी नाही. डॉक्टर म्हणाले, "आणि कुणाची कवळी अडली तर?" बाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत सूप प्यायला सांगा." डॉक्टर निमूटपणे हो म्हणाले. बाईंची नवी तिकिटं पुढच्या, देशभरातल्या प्रदर्शनासाठी निवडली गेली आहेत, आणि क्लबाचं अध्यक्षपद आजोबांनी आपण होऊन त्यांच्या हाती दिलं. रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आता बायका येतात, कॉलेजातली मुलं येतात, दवाखान्यातले पेशंट येतात. मागच्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या. ग्रंथपाल कुरकुरत आले, सगळी गर्दी बघितली आणि शेजारच्या मोठ्या खोलीचं कुलूप काढून दिलं. बाई आपल्या वह्या उचलून पुढे झाल्या आणि मोठ्या टेबलाच्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.